गॅस भरला, पण गेला कुठे?

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पुढे कविता केल्या, आणि पोटासाठी नाशकातल्याच एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या लिहिल्या. त्यामुळे ट्रक मला ठाऊक तो कागदावरून. माल कुठला, टन किती, भाडं किती ठरलं, आगाऊ किती दिलं, डिझेल आणि टोल किती लागला, एवढंच. आत यंत्र कसं चालतं याच्याशी माझा संबंध कधी आला नाही. आज मी तुमच्याशी ट्रकच्या एसीबद्दल आणि त्यातल्या प्रेशरबद्दल बोलणार आहे. हे कवी महाशय भलत्याच रस्त्याला कसे लागले, असं तुमच्या मनात येईल. मला या रस्त्याला माझ्याच एका चुकीने लावलं. ती आधी सांगतो.

माझ्या भाच्याचा एक सहाचाकी ट्रक आहे, २०१२ सालचा. लासलगाव किंवा पिंपळगावला कांदा भरायचा आणि आग्रा रोड धरून धुळ्याकडे, पुढे कधी भुसावळ, कधी इंदूर. या जुन्या घडणीच्या ट्रकांत इंजिन केबिनच्या पोटातच असतं. ड्रायव्हरच्या मांडीजवळ पत्र्याचं झाकण, त्यावर एक जुनी गादी. खाली इंजिन तापलेलं, वर टप तापलेला, समोर काचेतून ऊन. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला तर तिथे कुणाला नवल वाटत नाही. त्या वेळी केबिनमध्ये काय होत असेल याचा विचार करा. म्हणून भाच्याने २०२२ मध्ये, चार पैसे जमल्यावर, बाहेरून एसी बसवून घेतला. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. ट्रकला कसला एसी, असं म्हणालो होतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "मामू, एसीतून गरम हवा येतेय." ट्रकचा हिशेब मी ठेवतो, त्यामुळे सल्लाही मीच देतो. म्हटलं, "गॅस संपला असेल. भरून घे." त्याने रस्त्यावरच्या एका दुकानात दोन हजार देऊन गॅस भरला. आठ-दहा दिवस बरे गेले. पुन्हा फोन, पुन्हा दोन हजार. मग तिसऱ्यांदा. मी वहीत तीन वेळा 'एसी गॅस' असं लिहिलं आणि पान उलटलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, धुळ्याच्या पुढे त्याला गरगरलं. उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब की गाडी कडेला घेण्याइतकी शुद्ध होती. ढाब्यावरच्या माणसांनी त्याला झाडाखाली निजवलं, अंगावर पाणी ओतलं, दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी तो घरी आला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती रडली नाही, ओरडली नाही. मला एवढंच म्हणाली, "हिशेब तू ठेवतोस ना? तीनदा गॅस भरल्याचं लिहिलंस. मग तो गॅस गेला कुठे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी भाच्याबरोबर द्वारकेकडच्या एका उस्तादाकडे गेलो. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. साठीच्या पुढचे गृहस्थ, चाळीस वर्षं एसीच्या कामात. आपाचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "बाईंनी बरोबर विचारलं. डिझेल जळतं, ऑइल काळं होतं. एसीतला गॅस मात्र खर्च होत नाही. तो आतल्या आत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी बाहेर गेला."

माझ्यासारख्या अनाडी माणसाला त्यांनी एसीचं काम माठावरून समजावलं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच. केबिनमधल्या कॉइलमध्ये पातळ गॅस उकळतो, त्याची वाफ होते आणि तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. माठातलं पाणी उडून जातं. इथे मात्र कॉम्प्रेसर ती वाफ ओढून घेतो, दाबतो, आणि ट्रकच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत सोडतो. तिथे ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा पातळ होते. मग ड्रायरमधून आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये.

यात प्रेशर कुठून आलं? पाणी समुद्रकाठी १०० अंशांना उकळतं. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे हवेचा दाब कमी, म्हणून इथे ते ९८ च्या आसपासच उकळतं. उलट कुकरमध्ये दाब वाढतो, तिथे ते १२० अंशांपर्यंत जातं. म्हणजे दाब कळला की कितव्या अंशाला उकळतंय ते कळलं. ट्रकमधल्या एसीत बहुधा असतो तो आर-१३४ए नावाचा गॅस. टायरात हवा भरताना आपण जो आकडा सांगतो त्याच मापात, म्हणजे पीएसआयमध्ये, या गॅसचा दाब २८ असला तर तो शून्य अंशाला उकळतो. ६० असला तर १६-१७ अंशांना. गेज लावायचं ते दाबाच्या आकड्यावरून आतल्या गॅसचं तापमान ओळखायला.

उस्तादांनी गेज लगेच लावलं नाही. आधी विचारलं, "गार कधी लागतं आणि कधी लागत नाही?" भाचा म्हणाला, "पहाटे नाशकातून निघालो की छान लागतं. गाडी पळत असली तरी बरं असतं. टोलच्या रांगेत किंवा दुपारी धुळ्याकडे गरम हवा येते." उस्ताद मान हलवून म्हणाले, "अर्धं निदान यानेच केलं." मला आमचे जुने हकीम आठवले. तेही नाडीला हात लावायच्या आधी झोप आणि भूक विचारत.

मग इंजिन बंद ठेवून त्यांनी गेज लावलं. गेजला दोन घड्याळं असतात. निळं म्हणजे कॉइलकडचं कमी दाबाचं, लाल म्हणजे कंडेन्सरकडचं जास्त दाबाचं. एसी बराच वेळ बंद असला की दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात, आणि तो आकडा बाहेरच्या तापमानावर ठरतो. ३० अंशांना सुमारे ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. सकाळची वेळ, पारा ३० वर, काटे ९७ ला. मी म्हटलं, "म्हणजे गॅस बरोबर आहे." उस्ताद हसले. "घरातल्या सिलिंडरसारखं आहे हे. टाकी भरलेली असो की पाव राहिलेली, आत पातळ गॅस आहे तोवर दाब तोच. सिलिंडर किती भरलाय ते आपण उचलून बघतो ना? इथेही वजनच करावं लागतं. या आकड्यावरून गॅस आहे इतकंच कळलं. आणि आत हवा शिरलेली नाही हेही कळलं, कारण हवा शिरली असती तर आकडा याच्यापेक्षा वर गेला असता."

ऊन चढून पारा ३८ वर गेल्यावर इंजिन सुरू केलं, रेस थोडी वाढवून ठेवली, एसी पूर्ण सोडला. अशा हवेत निळा काटा साधारण ३० ते ४० मध्ये आणि लाल काटा २२० ते २६० मध्ये असायला हवा. आमचा निळा काटा ६० वर आणि लाल ३५० च्या पुढे चढत चाललेला. ४०० च्या जवळ पोचताच टक्‌ असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर थांबला. प्रेशर फार झालं की पाइप फुटू नये म्हणून एक स्विच क्लच सोडवतो, तो हा आवाज. भाच्याला टोलच्या रांगेत हेच होत होतं.

आता यातून अर्थ कसा काढायचा? आम्ही गझल लिहिणारे लोक शेराची एक ओळ ऐकून दाद देत नाही, दुसरी यावी लागते. गेजचंही तसंच, दोन्ही काटे एकत्र वाचावे लागतात. दोन्ही काटे वर म्हणजे दोन शक्यता मोठ्या. एक तर गॅस जास्त भरलाय, किंवा कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. लाल काटा ३५० वर म्हणजे जाळीत गॅस ७५ अंशांच्या पुढे तापलेला. बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त असणं रीतीचं. इथे ते जवळजवळ चाळीस होते. उस्तादांनी पोऱ्याला सांगितलं, फक्त जाळीवर पाणी मार, वायरींवर नको. पाणी पडताच लाल काटा अडीचशेच्या खाली आला आणि केबिनमध्ये गार हवा आली. मग पुढची पट्टी खोलली. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत कांद्याची टरफलं अशी गच्च बसली होती की जणू कुणी उशी भरून ठेवलीय. दोन वर्षं लासलगावच्या मार्केटात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या पंख्याने ओढून घेतलेली ती टरफलं. पहाटेच्या थंड हवेत किंवा गाडी पळताना वारा कसाबसा आत जायचा; दुपारी उभ्या गाडीत जाळीचा श्वासच कोंडायचा.

जाळी साफ केली. लाल काटा २९० पर्यंत उतरला, पण त्याच्या खाली जाईना. म्हणजे दुसरी शक्यताही खरी होती. उस्तादांनी मशिनने गॅस काढून वजन केलं. १ किलो ५० ग्रॅम. एसीवरच्या अर्ध्या फाटलेल्या चिठ्ठीवर ८०० ग्रॅम लिहिलेलं होतं. माझ्या सल्ल्याने भरलेला तो गॅस. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आपण म्हणतो. इथे मलमानेच जखम वाढवली होती. जास्त गॅस झाला की कंडेन्सरचा बराच भाग पातळ गॅसने भरून राहतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, आणि उकाड्यात एसी आणखी लवकर दम टाकतो.

"पण मग पहिल्यांदा गॅस कमी कशाने झाला?" मी विचारलं. कॉम्प्रेसरजवळच्या रबरी पाइपला जिथे धातूचं टोक दाबून बसवलेलं असतं, तिथे काळी, तेलकट धूळ बसलेली होती. एसीत गॅसबरोबर तेलही फिरतं. गॅस पाझरतो तिथे तेल येतं, आणि तेलावर रस्त्याची धूळ चिकटते. नायट्रोजनने दाब देऊन साबणाचा फेस लावल्यावर तिथे बारीक बुडबुडे आले. इथे एक धोक्याची सूचना. लीक शोधायला ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. आतलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

पाइप आणि रबरी रिंगा बदलल्या, ड्रायर नवा घातला. ड्रायर आतली ओल शोषतो. सिस्टिम उघडली की तो बदलायचा. मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावला. यानं आतली हवा निघते, आणि दाब इतका उतरतो की राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन जातं. काटा २८ इंचांच्या जवळ येऊन थांबला. भाच्याने कुठेतरी ऐकलं होतं की तो ३० च्या जवळ जायला हवा. उस्ताद म्हणाले, "ते मुंबईत. नाशकात हवेचा दाबच कमी, इथे २८ च्या पुढे जाणार कुठून?" पंप बंद करून अर्धा तास वाट पाहिली. काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही. मग काट्यावर मोजून ८०० ग्रॅम गॅस. संध्याकाळी बाहेर ३५ अंश असताना निळा ३२, लाल २२०.

आमच्या ट्रकला झालं ते एक दुखणं. उस्तादांकडे काट्यांची आणखी दुखणी ऐकली, ती थोडक्यात सांगतो.

दोन्ही काटे खाली असले, कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असला, तर गॅस कमी आहे. इथेही आधी लीक शोधायचं, मग भरायचं. निळा काटा फारच खाली, कधी शून्याच्याही खाली गेला, तर वाटेत काहीतरी तुंबलंय, बहुधा ड्रायर किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. पाइपवरून हात फिरवला तर तुंबलेल्या जागेच्या अलीकडे गरम आणि पलीकडे एकदम गार लागतं, कधी दंव धरतं. एसी अर्धा तास छान चालतो, मग गरम हवा, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा छान, असं होत असेल तर आत ओल आहे. व्हॉल्व्हच्या भोकावर बर्फाचा कण धरतो, वाट बंद होते. बर्फ वितळला की उघडते. निळा वर आणि लाल खाली, रेस दिली तरी दोघांत अंतर पडत नाही, तर कॉम्प्रेसरचा दम गेला. हे एक दुखणं खर्चाचं. म्हणून ते ठरवण्याआधी बेल्ट सैल नाही ना, क्लच घसरत नाही ना, हे बघून घ्यायचं.

आणि हे आकडे पाठ करून भांडायला जाऊ नये. ४५ अंशांच्या भुसावळात लाल काटा पावणेतीनशेला गेला तर ते दुखणं नव्हे, ती त्या गावची हवा आहे. आकड्याबरोबर त्या वेळचं तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. पूर्वी एसीत आर-१२ नावाचा गॅस असे. तो आकाशात वर जाऊन ओझोनचा थर विरळ करतो हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, १९८७ मध्ये माँट्रिऑलचा करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, आणि २०१० पासून आपल्याकडे तो बंद झाला. आर-१२ चं तेल वेगळं, आर-१३४ए चं वेगळं. तेल न बदलता नवा गॅस भरला तर कॉम्प्रेसर कोरडा पडून मरतो. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवेत सुटलेला त्याचा १ किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे लीक तसंच ठेवून भरत राहणं म्हणजे ज्या उन्हापासून पळायचं त्याच उन्हात भर घालणं. बाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या काही सिलिंडरांत स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा गॅस मिसळलेला असतो. तो इंजिनशेजारी, ड्रायव्हरच्या मांडीजवळ नको.

सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलं झालं. ट्रकला कसला एसी म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना ते उत्तर आहे. पण हा नियम नव्या ट्रकांना आहे. आपल्या रस्त्यांवरचे जुने ट्रक अजून धावत आहेत. त्यांतल्या ज्यांनी पदरमोड करून एसी बसवलाय, त्यांचा उन्हाळा शेवटी गॅरेजमधल्या माणसाच्या हातात आहे.

म्हणून एसी दुरुस्तीला टाकाल तेव्हा चार गोष्टी विचारा. दोन्ही काटे किती आले, आणि तेव्हा बाहेर किती तापमान होतं? गॅस कमी असेल तर तो कुठून गेला? व्हॅक्यूम किती वेळ लावला आणि काटा टिकला का? गॅस किती ग्रॅम भरला? ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी रागावत नाही. आमचे उस्ताद तर खूश झाले.

त्या दिवशीचं बिल साडेसात हजार झालं. आधीचे सहा हजार धरले तर साडेतेरा. मी वहीत 'एसी दुरुस्ती' लिहिलं आणि घरी येऊन आपाला पाइपवरची तेलकट धूळ, जादा भरलेला अडीचशे ग्रॅम गॅस, कांद्याची टरफलं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "टरफलं परत बसणार नाहीत का?"

बसणारच. म्हणून भाच्याने केबिनमध्ये एक लहान वही ठेवलीय. दर महिन्याला जाळी पाण्याने धुतल्याची तारीख तो तिच्यात लिहितो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उस्तादांकडे जाऊन तापमान आणि दोन्ही काट्यांचे आकडे. नाशकात आला की ती वही तो मला दाखवतो. हिशेबाच्या वहीआधी मी ती बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)